चित्रकाराच्या प्रवासाचे पैसे कोण देतं?

पावसाळ्यातल्या रविवारी मळवली स्टेशनवर लोकलमधून उतरणाऱ्या गर्दीत काही जण चटकन ओळखू येतात. पाठीवर ड्रॉइंग बोर्ड, हातात घडीचं स्टूल, पिशवीत पाण्याची बाटली आणि जुनं फडकं. भाज्याच्या पायऱ्यांपाशी, कार्ल्याच्या वाटेवर किंवा इंद्रायणीच्या काठी ही मंडळी दिवसभर रंगवत बसतात. दुपारी डबे उघडले की गप्पा लिस्बन, व्हेनिस, तुस्कनीकडे वळतात आणि कुणीतरी विचारतं, "तीन महिने बाहेर जाऊन नुसती चित्रं काढायची आहेत. पैसे कुठून आणायचे? सरकार देतं का? कुणी स्पॉन्सर मिळेल का?"

नुसत्या प्रवासाला सहसा कुणीच पैसे देत नाही. त्या प्रवासातून जे काही हाती लागणार असतं, त्याला लोक पैसे देतात. कुणाला त्यातलं एक चित्र हवं असतं, कुणाला आपल्या पुस्तकासाठी चित्रकार हवा असतो, कुणाला दोन देशांतल्या कलावंतांची ओळख वाढवायची असते. आपल्याकडून कुणाला काय हवं आहे, हे कळलं की अर्धा प्रश्न सुटतो. हे समजून घ्यायला फार लांब जायला नको, कारण पैसे उभे करण्याचे तीन फार वेगवेगळे मार्ग मावळातच बघायला मिळतात.

१. आधी आकडा

"पुष्कळ खर्च येईल" हा आकडा नव्हे. कुणाकडेही पैसे मागण्याआधी स्वतःचा हिशेब कागदावर हवा.

समजा, कामशेतची एक चित्रकर्ती पोर्तुगालला जाऊन चित्रं काढणार आहे. तिचा बेत किती दिवसांचा? इथे पहिली मर्यादा पैशांची नसून व्हिसाची आहे. पोर्तुगाल शेंगेन देशांच्या गटात येतो. तिथे अल्पमुदतीच्या व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि गटातल्या सगळ्या देशांचे दिवस एकत्र मोजले जातात. लिस्बनचे नव्वद संपवून माद्रिदला पुन्हा नव्वद, असं चालत नाही. तेव्हा बेत ९० दिवसांचा धरू.

आता खर्च. पुढचे आकडे केवळ नमुन्याचे आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. जाण्यायेण्याचं विमान ७०,००० रुपये. खोली रोजची ३,५०० प्रमाणे ३,१५,०००. जेवणखाण आणि स्थानिक प्रवास रोज २,००० प्रमाणे १,८०,०००. व्हिसा आणि विमा २०,०००. रंग, कागद, कॅनव्हास ६०,०००. चित्रं घरी आणण्याचा खर्च ४०,०००. बेरीज ६,८५,०००.

बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो आणि इथेच फसतो. ती तिकडे असताना घर चालूच राहणार. विजेचं बिल येणार, आईची औषधं लागणार, आणि शनिवार-रविवारचे चित्रकलेचे वर्ग बंद म्हणजे त्यांची फीही बंद. महिन्याला २५,००० धरले तरी तीन महिन्यांचे ७५,००० झाले. आता बेरीज ७,६०,०००. अडीअडचणीसाठी दहा टक्के, म्हणजे ७६,०००, वर ठेवले की आकडा येतो ८,३६,००० रुपये.

याच हिशेबातला आणखी एक आकडा बाजूला लिहून ठेवायचा. खोली आणि रोजचा खर्च मिळून तिकडचा एक दिवस ५,५०० रुपयांना पडतो. शेवटी तो उपयोगी पडणार आहे.

२. एक मोठा आश्रयदाता

कार्ल्याचं चैत्यगृह परदेशी चित्रकारांनी रंगवलं, ते दुसऱ्याच्या पैशाने. हेन्री सॉल्ट हा तरुण इंग्रज चित्रकार १८०२ साली लॉर्ड व्हॅलेन्शिया यांच्याबरोबर पूर्वेकडे निघाला. त्याचं पद होतं सचिव आणि चित्रकार. चार वर्षांच्या त्या प्रवासात तो केप, भारत, श्रीलंका, तांबडा समुद्र, अबिसिनिया असा फिरला आणि १८०९ साली त्याच्या चोवीस दृश्यांचा संच छापून निघाला. त्यात कार्ल्याची लेणी आहेत. लॉर्डसाहेबांना काय मिळालं? त्यांचं प्रवासवर्णन त्याच वर्षी आलं आणि त्यातली चित्रं सॉल्टची होती. कॅमेरा नसलेल्या काळात प्रवासवर्णन लिहिणाऱ्याला चित्रकार लागायचा.

एडवर्ड लियरची गोष्ट आजच्या चित्रकाराला जास्त जवळची वाटेल. एकसष्ट वर्षांचा, प्रकृतीने नाजूक असा हा निसर्गचित्रकार १८७३च्या अखेरीस मुंबईत उतरला आणि १८७५च्या सुरुवातीला परतला. खर्च उचलला होता व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रूक यांनी. १८७४च्या पावसाळ्यात लियर पुण्यातही राहिला. पण तो एकट्या व्हाइसरॉयच्या भरवशावर निघाला नव्हता. इंग्लंड सोडण्याआधीच ओळखीच्या लोकांकडून भारतातल्या चित्रांच्या मागण्या त्याने घेऊन ठेवल्या होत्या.

आश्रयाला बहुधा अट जोडलेली असते, आणि ती आधी वाचावी. महाराष्ट्रात सर्वांना माहीत असलेलं उदाहरण चित्रकाराचं नाही, पण करार समजायला ते पुरेसं आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड दिले. त्या बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची होती. म्हणजे ही शिष्यवृत्ती पुढच्या चाकरीची आगाऊ उचल होती. आजच्या उद्योगपतीची अट वेगळी असेल. तो म्हणेल, परतल्यावर निम्मी चित्रं माझी. मान्य करण्याआधी विचारायचं, कोणती निम्मी? तो आधी निवडणार की मी? चित्रांच्या प्रती छापायचा हक्क कुणाकडे? या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर नसतील, तर एवढा उदार माणूस न मिळालेलाच बरा.

३. मळवलीचा छापखाना

राजा रविवर्मा समुद्रापार गेले नाहीत. त्यांची चित्रं मात्र गेली. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात ती मांडली गेली आणि गौरवलीही गेली. त्यांच्या पैशाच्या गणितात आपल्या उपयोगाच्या दोन गोष्टी आहेत.

पहिली म्हणजे मागणी. बडोद्याच्या राजवाड्यासाठी त्यांना पुराणकथांवरची चौदा चित्रं करायची होती आणि मोबदला ठरला होता पन्नास हजार रुपये. वेगवेगळ्या प्रांतांतले लोक, वेष, दागिने बघण्यासाठी ते धाकटे बंधू राजराज वर्मा यांना घेऊन उत्तरेकडे लांबचा प्रवास करून आले. प्रवासाला वेगळे पैसे कुणी दिले नाहीत. प्रवास त्या चित्रांच्या किमतीतच धरलेला होता. चित्रकाराने हे नीट लक्षात घ्यावं. "मला फिरायला पैसे द्या" आणि "तुमच्या हॉटेलच्या भिंतींसाठी सहा चित्रं करून देतो, किमतीत प्रवास आला" या दोन मागण्यांत रक्कम तीच असते, पण समोरचा माणूस दुसरीकडेच कान देतो.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रती. १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत रंगीत शिळाछापाचा छापखाना काढला. यंत्रं जर्मनीहून आणली, जाणकार कारागीरही तिकडचे. पुढे तो छापखाना मळवलीला, लोणावळ्याच्या अलीकडे, हलवण्यात आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला, आणि १९७२ साली आगीत तो संपला. दरम्यान लक्ष्मी-सरस्वतीची तिथली चित्रं घराघरांत पोहोचली होती. राजवाड्यातल्या एका चित्राचा एकच धनी असतो, छापील चित्राचे हजारो. मात्र रविवर्म्यांना स्वतःला छापखाना परवडला नाही. म्हणून तो विकावा लागला. चित्रकाराने प्रती विकाव्यात, यंत्रं पोसू नयेत, असा माझा त्यातून काढलेला अर्थ आहे.

आपल्या चित्रकर्तीचं गणित असं: मावळातल्या जलरंगांच्या शंभर प्रती, चांगल्या कागदावर छापून, सही करून, प्रत्येकी १,५०० रुपयांना. छपाई, पॅकिंग आणि टपाल मिळून प्रतीमागे ५०० गेले तर हाती राहतात एक लाख. दीड लाख धरून निघाली, तर अर्ध्या वाटेत पन्नास हजारांची तूट.

४. तळेगावचा पैसा फंड

हा मार्ग मला सगळ्यांत आवडतो, आणि त्याचा सगळ्यांत जास्त गैरसमजही होतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे यांनी एक साधी योजना मांडली. स्वदेशी उद्योगासाठी प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली. त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्यात काचेचा कारखाना उभा राहिला, आणि तिथे शिकून निघालेल्या कारागिरांनी पुढे देशात इतरत्र काचेचे कारखाने चालवले. आज इंटरनेटवरच्या लोकवर्गणीला जे म्हणतात ते हेच. फक्त तेव्हा पेटी हातात घेऊन जत्रेत, सभेत आणि दारोदार फिरावं लागायचं.

आता गणित. त्या काळी एका रुपयाचे ६४ पैसे व्हायचे. हजार रुपये जमवायचे तर ६४,००० माणसांनी दिलं पाहिजे. लोकवर्गणीत देणगी लहान असते. मागण्याचे कष्ट मात्र अजिबात लहान नसतात. देशासाठी चौसष्ट हजार दारं उघडली, तशी एका चित्रकाराच्या पोर्तुगालसाठी उघडणार नाहीत. म्हणून चित्रकाराने पैसा फंडाची कल्पना घ्यावी, पण माणसं कमी आणि रक्कम मोठी ठेवावी. वीस माणसांनी प्रत्येकी १५,००० रुपये आधी द्यायचे आणि प्रवासानंतर प्रत्येकाला ठरलेल्या आकाराचं एक मूळ जलरंग चित्र मिळायचं. तीन लाख झाले.

ही वीस माणसं कुठून येतात? ओळखीतून, आणि ओळखीच्यांच्या ओळखीतून. लोणावळा-खंडाळ्यात बंगले असलेली मुंबईची कुटुंबं आहेत, तळेगाव-वडगावात नवी घरं घेतलेले लोक आहेत, वर्गातल्या मुलांचे पालक आहेत, पुण्यात बालगंधर्व कलादालनातल्या प्रदर्शनात ज्यांनी वहीत नाव-पत्ता लिहिला ते आहेत. वहीतल्या त्या पत्त्यांना चित्रकार फार क्वचित पत्र लिहितात, याचं मला नेहमी नवल वाटतं.

काही कलाकार याच कामासाठी भिशीही लावतात. बारा जणांनी दरमहा ५,००० टाकले तर प्रत्येकाला वर्षातून एकदा ६०,००० एकरकमी मिळतात. पण ते आपलेच पैसे असतात. भिशी पैसे वाढवत नाही, ते खर्च होऊ देत नाही. तिकीट काढायच्या महिन्यात आपला नंबर लागला, तर तेवढंही पुष्कळ.

थॉमस आणि विल्यम डॅनिएल या काका-पुतण्याच्या जोडीने तर चित्रांची सोडत काढली होती. १७८६ साली ते कलकत्त्याला आले, आधी त्या शहराची दृश्यं छापून विकली, त्या पैशावर देशभर फिरले, आणि पैसे संपत आले तेव्हा चित्रं सोडतीत लावली. आज ते करू नये. सोडतीचे कायदे कडक आहेत. पण एका टप्प्यावरची चित्रं विकून पुढचा टप्पा गाठायचा, ही त्यांची रीत अजूनही चालते.

५. शिष्यवृत्ती म्हणजे नेमकं काय?

सय्यद हैदर रझा १९५० साली पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. जाण्याआधी मुंबईत ते फ्रेंच शिकले होते. वासुदेव गायतोंडे १९६४ साली न्यू यॉर्कला गेले, रॉकफेलर कुटुंबातल्या तिसऱ्या जॉन डी. यांनी स्थापन केलेल्या निधीच्या फेलोशिपवर. त्याच निधीतून तय्यब मेहता १९६८ साली न्यू यॉर्कला गेले. या पैशांच्या बदल्यात कुणी चित्रं मागितली नाहीत. पण देणाऱ्याचा हेतू होताच. फ्रान्सला आपली कला आणि भाषा जगात पसरवायची होती, त्या निधीला आशिया आणि अमेरिका यांच्यात कलावंतांची ये-जा वाढवायची होती. अर्ज करणाऱ्याने हा हेतू ओळखला की अर्जात काय लिहायचं ते आपोआप ठरतं.

रॉकफेलरांचा तो निधी आज एशियन कल्चरल कौन्सिल या नावाने चालतो. चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट फक्त ब्रिटनमधल्या कामाला मदत करतो. पोर्तुगालसाठी तिथे अर्ज करणं म्हणजे टपालखर्च वाया. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशन तरुणांसाठी आहे, वयाची अट असते. कॅनडातलं एलिझाबेथ ग्रीनशील्ड्स फाउंडेशन सुरुवातीच्या टप्प्यावरच्या कलाकारांना देतं, पण काम वस्तुरूप असलं पाहिजे. अमूर्त चित्रं चालत नाहीत. न्यू यॉर्कचं पोलॉक-क्रास्नर फाउंडेशन उलट, काही वर्षं काम केलेल्या गरजू चित्रकारांसाठी आहे. अटी बदलतात, त्या दरवर्षी नव्याने वाचाव्यात.

याच्याच शेजारचा प्रकार म्हणजे रेसिडेन्सी. एखादी संस्था चित्रकाराला महिना-दोन महिने राहायला आणि कामाला जागा देते. काही ठिकाणी जागा फुकट, वर थोडा भत्ता. काही ठिकाणी उलट चित्रकाराकडूनच भाडं घेतात आणि निवड झाल्याचं पत्र मात्र सुंदर कागदावर पाठवतात. पत्र आल्याच्या आनंदात शेवटचा परिच्छेद वाचायचा राहतो. फुकट जागेची किंमत लगेच हिशेबात मांडावी. आपल्या चित्रकर्तीला तीस दिवस खोली मिळाली, तर तीस गुणिले ३,५०० म्हणजे १,०५,००० रुपये वाचले.

अर्जात निवड समितीला "लहानपणापासून मला निसर्गाची ओढ आहे" हे वाक्य शेकडो वेळा वाचावं लागतं. त्याऐवजी लिहावं: "सह्याद्रीतल्या पावसाळी प्रकाशात मी दहा वर्षं जलरंगात काम केलं आहे. अटलांटिकच्या किनाऱ्यावरच्या कोरड्या, तीव्र प्रकाशात हेच तंत्र कसं बदलतं ते मला चाळीस चित्रांतून बघायचं आहे." यात जागा, कारण आणि आकडा तिन्ही आले.

६. मागायचं कसं?

घरच्या लग्नात मामा नवरीचे दागिने करतो, आत्या शालू घेते, काका मांडवाचं बघतो. "लग्नाला पैसे द्या" असं कुणी कुणाला म्हणत नाही; प्रत्येकाच्या वाट्याला एक ठरावीक गोष्ट येते आणि ती त्याने केली म्हणून पुढे वर्षानुवर्षं सांगितली जाते. चित्रकारानेही आपला आठ लाखांचा आकडा असाच फोडावा. रंगांच्या दुकानदाराकडे रंग मागावेत, रोख नको. रोटरीसारख्या स्थानिक क्लबकडे विमानाचं तिकीट, आणि परतल्यावर शाळांत चार प्रात्यक्षिकं देण्याचं लेखी वचन. लिस्बनमध्ये कुणाचा मुलगा शिकत असेल तर पहिल्या आठवड्याचा मुक्काम.

इथे कराचा एक मुद्दा येतो, आणि तो नातेवाइकांपासूनच सुरू होतो. मामा, मावशी, काका, आत्या यांनी दिलेल्या भेटीवर आयकर लागत नाही. मित्र, शेजारी, चुलत-मावस भावंडं मात्र कायद्याच्या लेखी नातेवाईक नाहीत. अशा लोकांकडून वर्षभरात मिळालेल्या भेटी मिळून ५०,०००च्या वर गेल्या तर पूर्ण रक्कम उत्पन्नात धरली जाते. ६०,००० मिळाले तर १०,००० नव्हे, सगळे ६०,०००. चित्राच्या बदल्यात घेतलेली आगाऊ रक्कम भेट नसते. ते धंद्याचं उत्पन्न असतं आणि त्यातून रंग, प्रवास यांचा खर्च वजा मागता येतो. म्हणून वीसही जणांना पावती द्यावी, पावतीवर चित्राचा आकार लिहावा, आणि निघण्याआधी एकदा सीएला भेटावं.

तिकडे पोहोचल्यावर चित्रं विकून खर्च काढू, ही कल्पना मात्र सोडून द्यावी. पर्यटक व्हिसावर तसा धंदा करता येत नाही. तैलरंगवाल्यांना आणखी एक अडचण: टर्पेंटाइन विमानात नेऊ देत नाहीत, ते तिकडेच घ्यावं लागतं, आणि शेवटच्या दिवसांत काढलेली चित्रं ओली असल्यामुळे गुंडाळून आणता येत नाहीत. जलरंगवाला इथे सुखी.

७. जुळवाजुळव

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून डॉ. आंबेडकरांना लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. पुन्हा कुणी पूर्ण खर्च देईल अशी वाट बघत ते बसले नाहीत. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने पाच हजार रुपये कर्जाऊ दिले, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. बचत, भेट आणि कर्ज अशा तीन वाटांनी पैसे आले, आणि एकही वाट एकटी पुरेशी नव्हती.

आपल्या चित्रकर्तीची जुळवाजुळवही तशीच. स्वतःची बचत दोन लाख. वीस जणांची आगाऊ रक्कम तीन लाख. प्रतींमधून एक लाख. झाले सहा. ८,३६,०००मधून सहा लाख गेले की तूट २,३६,०००. महिन्याभराच्या रेसिडेन्सीने १,०५,००० वाचवले तर राहिले १,३१,०००. इथे पुष्कळ जण वैयक्तिक कर्ज काढतात. त्याआधी सुरुवातीला बाजूला लिहून ठेवलेला आकडा बघावा. खोलीचं भाडं भरून काढायचा एक दिवस ५,५०० रुपयांचा. असे चोवीस दिवस कमी केले की १,३२,००० वाचतात. प्रवास नव्वदऐवजी सहासष्ट दिवसांचा होतो, कर्ज शून्य.

शिष्यवृत्तीचे अर्ज साधारण वर्षभर आधी करावे लागतात आणि उत्तरं उशिरा येतात. व्हिसावर किती दिवसांचा मुक्काम मंजूर होतो, ते बहुधा आपण दाखवलेल्या बेतावर ठरतं. म्हणून शक्य असेल तर निकाल कळेपर्यंत व्हिसाचा अर्ज थांबवावा. शेंगेनचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून पंधरा दिवसांपर्यंत करता येतो, त्यामुळे थांबायला थोडी जागा असते. तेवढ्यात पैसे मंजूर झाल्याचं पत्र आलं तर कापलेले चोवीस दिवस बेतात परत घालता येतात. आलं नाही तर सहासष्टचाच बेत दाखवायचा आणि परतीचं तिकीट त्याच तारखेचं काढायचं.